सात हजार किलोमीटर आणि शेवटचे शंभर मीटर

गोव्यातल्या हरमलच्या किनाऱ्यासाठी मे महिन्यातल्या एखाद्या सकाळचा लाटांचा अंदाज मोबाइलवर साधारण असा उमटतो: उंची 1.1 मीटर, काळ 16 सेकंद, दिशा 208 अंश, वारा पूर्वेचा, 4 नॉट, पाणी 30 अंश. पुण्याहून चार दिवसांची रजा टाकून आलेला शिकाऊ सर्फर पहिल्याच आकड्यावर थांबतो. 1.1 मीटर म्हणजे फार तर छातीपर्यंत, त्यात घाबरण्यासारखं काय? बोर्ड काखोटीला मारून तो निघतो, पण किनाऱ्यावर शिक्षक त्याला लगेच पाण्यात सोडत नाही. 'आधी वाळूत बस. दहा मिनिटं नुसतं बघ.'

तीन-चार मिनिटं काहीच घडत नाही. पाणी सपाट, काठाशी पोरं खेळतायत. 'दादा, आज काहीच नाही वाटतं,' असं तो म्हणेपर्यंत क्षितिजाखाली एक गडद रेघ उमटते, तिच्यामागे दुसरी, तिसरी. पहिली रेघ सावकाश आत येते आणि किनाऱ्यापासून शंभरेक मीटरवर अचानक उभी राहते. ती आता माणसाच्या डोक्याहून उंच असते. मग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, मधे कुठे फट न ठेवता, ती भिंत एका दमात कोसळते. 'हे तुझे 16 सेकंद,' शिक्षक म्हणतो.

लाटांच्या अंदाजात उंचीपेक्षा जास्त बोलतो तो हा सेकंदांचा आकडा: एक माथा गेल्यावर दुसरा यायला लागणारा वेळ. जवळच्या वाऱ्याने उठवलेल्या लाटांत तो पाच-सहा सेकंदांचा असतो. अशा लाटेची लांबी खोल समुद्रात चाळीस ते छप्पन मीटर भरते. 16 सेकंदांच्या लाटेची लांबी 400 मीटर! लाटेला तळ जाणवू लागतो तो तिच्या लांबीच्या निम्म्या खोलीवर. म्हणजे सहा सेकंदांची लाट 28 मीटर खोल पाणी येईपर्यंत बेफिकीर असते, पण 16 सेकंदांच्या लाटेला समुद्रबूड जमिनीच्या कडेपाशीच, काठ नजरेच्या टप्प्यात नसतानाच, तळ लागतो. तिथून ती वळत, वेग कमी करत येते. काठाजवळ वेग घटला की तिची सगळी ताकद वर चढते, आणि कागदावरचा 1.1 मीटर वाळूवर दीड-पावणेदोन होतो.

शिवाय तो 1.1 मुळात सगळ्या लाटांचा नसतोच. आलेल्या लाटांपैकी सर्वांत उंच एक-तृतीयांश लाटांची ती सरासरी असते. दिवसभरातली एखादी लाट त्याच्या जवळपास दुप्पट निघू शकते, आणि अंदाज चुकला असं तेव्हाही म्हणता येत नाही.

एवढी लांब लाट गोव्याच्या वाऱ्याने तयार होत नाही. ती निघते विषुववृत्ताच्या पलीकडून, दक्षिण गोलार्धातल्या चाळीस ते पन्नास अंशांच्या पट्ट्यातून. तिथे वाऱ्याला अडवायला जमीनच जवळजवळ नाही. आपल्याकडे आंब्याचा हंगाम असतो तेव्हा तिकडे हिवाळ्याची चाहूल लागलेली असते आणि वादळं एकापाठोपाठ एक पूर्वेकडे सरकत असतात. त्यांनी घुसळलेल्या पाण्यातून लाटांचे जथे बाहेर पडतात. सर्फर त्यांना स्वेल म्हणतात. 16 सेकंदांच्या लाटांचा जथा ताशी सुमारे 45 किलोमीटर वेगाने सरकतो. मादागास्करच्या दक्षिणेकडचा समुद्र ते हरमल हे अंतर सात हजार किलोमीटरांच्या आसपास. म्हणजे हरमलला सोमवारी फुटलेली लाट आदल्या मंगळवारी निघालेली असते.

लांब पल्ल्याच्या लाटा अशा ओळखता येतात, हे शोधणाऱ्यांत समुद्रशास्त्रज्ञ वॉल्टर मंक हे मोठं नाव. दुसऱ्या महायुद्धात हाराल्ड स्वेर्ड्रुप यांच्यासोबत त्यांनी लाटांचा अंदाज बांधायची पद्धत बसवली. नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर सैनिक उतरवायचे होते, तेव्हा ती उपयोगी पडली. 1963 साली मंक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी न्यूझीलंडपासून अलास्कापर्यंत प्रशांत महासागरात ठिकठिकाणी मोजणी केली आणि अंटार्क्टिकाजवळच्या वादळातल्या लाटा थेट अलास्कापर्यंत ओळखून दाखवल्या. वादळाच्या टापूतून एकदा बाहेर पडल्यावर अशा लाटा वाटेत फारच थोडी ऊर्जा गमावतात, हे त्यातून कळलं. आधी लांब लाटा पोचतात, मग क्रमाने आखूड. म्हणून अंदाजात आज 18, उद्या 16, परवा 14 असे सेकंद उतरताना दिसले, की एकाच वादळाची वरात चाललीय हे जाणत्याला समजतं.

याच वाटेने संकटही येतं. 31 मार्च 2024 रोजी केरळच्या किनाऱ्यावर वारा नाही, पाऊस नाही, आणि समुद्र मात्र वस्तीत शिरला. तिथले मच्छीमार याला कल्लक्कडल म्हणतात. हैदराबादच्या 'इन्कॉइस'ने, म्हणजे महासागरांची माहिती देणाऱ्या राष्ट्रीय केंद्राने, माग काढला तेव्हा दक्षिण अटलांटिककडून हिंदी महासागराच्या दक्षिण भागात शिरलेली एक वादळी प्रणाली सापडली. किनाऱ्यापासून हजारो किलोमीटरांवर ती जवळपास आठवडाभर आधी गर्जत होती. अशा उसळीचा इशारा देणारी यंत्रणा 'इन्कॉइस'ने 2020 पासून चालवली आहे. सर्फर ज्या आकड्यांकडे आशेने बघतो, त्याच आकड्यांवर केरळातली गावं होड्या वर ओढून घेतात.

गोव्याला ही लाट जरा गाळून मिळते. थेट दक्षिणेकडून येणाऱ्या स्वेलच्या वाटेत मालदीव आणि लक्षद्वीपच्या बेटांच्या रांगा आहेत, त्यांच्या आडोशाला बरीच ताकद अडते. या बेटांच्या पश्चिमेकडून तिरकी आलेली लाट सहीसलामत पोचते. त्यामुळे अंदाजात दिशा 185 आहे की 208, यावरून हरमलची सकाळ ठरते.

मराठी वाचकाला मात्र लाटांच्या उंचीची ओळख असते ती पावसाळ्यातल्या मथळ्यांमुळे: 'मुंबईत साडेचार मीटरच्या लाटा उसळणार'. हा आकडा लाटेचा नसतो, भरतीचा असतो. नकाशावर ठरवलेल्या पायारेषेपासून पाणी किती चढणार, ते तो सांगतो. समुद्र आरशासारखा असला तरी त्या दिवशी साडेचार मीटरची भरती येतेच, आणि लाटा येतील त्या तिच्या माथ्यावर. गोव्यात भरतीचा असा थाट नाही. उधाणालाही पाणी साधारण दोन मीटर चढतं-उतरतं, भांगाच्या दिवसांत त्याहून बरंच कमी. पण वाळूच्या किनाऱ्यावर तेवढंही पुष्कळ होतं. लाट आपल्या उंचीच्या सव्वा ते दीडपट खोल पाण्यात फुटते. पूर्ण भरतीला पाण्याखालच्या वाळूच्या पट्टीवर इतकं पाणी असतं की लाट तिथे न फुटता सरळ काठावर येऊन आदळते. पूर्ण ओहोटीला तीच पट्टी इतकी उथळ होते की बोर्डाची फीन वाळूत रुतते. मधल्या दोन-तीन तासांतच खरी मौज.

ती वेळ काढायला मोबाइल लागतोच असं नाही. कोकण किनाऱ्यावर तिथीची पाऊणपट करायची रीत जुनी आहे. चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण, म्हणजे तीन: दुपारी आणि रात्री तीनच्या सुमाराला पूर्ण भरती. अष्टमीला सहा. मुंबईच्या दक्षिणेकडे उतरावं तशी भरती थोडी लवकर येते, तेवढं हातचं धरायचं. रापणीला, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या जाळ्याला, उभा राहणारा माणूस हे गणित तोंडी करतो, आणि हल्ली त्याच्या शेजारी उभा असलेला सर्फ-शिक्षकही.

उरला वारा. शाळेच्या भूगोलात खारे वारे आणि मतलई वारे पाठ केले ते परीक्षेपुरते. हरमलला ते घड्याळासारखे चालतात. रात्रभर थंड झालेल्या जमिनीवरून पहाटे मतलई वारा समुद्राकडे वाहतो आणि येणाऱ्या लाटेच्या तोंडावर लागतो. तो तिला थोपवून धरतो, तिचा चेहरा गुळगुळीत ठेवतो, माथ्यावरचे तुषार मागे उडवतो. दहा-अकराच्या सुमाराला वारा पडतो. मग वायव्येकडून खारा वारा सुटतो, आणि उन्हाळ्यात दुपारी तो चांगलाच जोर धरतो. पाणी चुरगळतं, लाट मागून ढकलल्यासारखी वेळेआधी कोसळते. सात वाजता ज्या पाण्यात सर्फर हसत होते, त्याच पाण्यात तीन वाजता पतंगाच्या दोरीला लटकलेले काइटसर्फर दिसतात. अंदाज दिवसाचा म्हणून छापला जातो, उपयोग मात्र सकाळचाच.

इथवर सगळं मोजता येतं. वादळ उपग्रहाला दिसतं, चंद्राचं वेळापत्रक शतकांचं मांडलेलं आहे, वारा रोजच्या सवयीचा. फसगत होते ती शेवटच्या शंभर मीटरांत. जागतिक लाट-मॉडेलं समुद्राचे चौकोन पाडतात आणि एकेक चौकोन कित्येक किलोमीटरांचा असतो. केरी, हरमल, मांद्रे, आश्वे, मोरजी हा सगळा पट्टा त्यात एकाच चौकोनात मावून जाईल. प्रत्यक्षात उत्तरेला तेरेखोलचं मुख, दक्षिणेला शापोऱ्याचं, आणि मधली वाळू सतत जागा बदलणारी. खडकावर किंवा प्रवाळावर फुटणारी लाट वर्षानुवर्षं त्याच जागी फुटते. इथे तळच स्थिर नाही. आश्वेला मार्चमध्ये सुंदर उजवीकडे सरकणारी लाट देणारी वाळूची पट्टी एप्रिलअखेर मोडून गेलेली असू शकते.

लांब सेकंदांची लाट अशा सरळ किनाऱ्यावर बहुधा वाया जाते. ती वळून वळून काठाला समांतर झालेली असते, त्यामुळे पूर्ण भिंत एकदम पडते आणि सर्फरला सरकायला बाजूच उरत नाही. दोन दिशांचे लहान स्वेल एकमेकांना छेदत आले तर ठिकठिकाणी शेंडे उभे राहतात, त्या शेंड्याच्या डाव्या-उजव्या उतारावर शिकाऊ माणूसही सुखाने घसरतो. म्हणून इथले शिक्षक 1.1 मीटर आणि 16 सेकंदांपेक्षा 0.7 मीटर आणि 9 सेकंदांचा दिवस पसंत करतात.

वाळूच्या किनाऱ्याने ऑलिंपिकलाही घाम फोडला. 2021 च्या जुलैत सर्फिंगला पहिल्यांदा ऑलिंपिकमध्ये स्थान मिळालं, ते जपानमधल्या त्सुरिगासाकी किनाऱ्यावर. लाटांची आठ दिवस वाट बघायची मुभा राखून ठेवली होती. नेपार्तक वादळाने स्वेल आणला आणि वाराही. परिस्थिती बिघडण्याआधी उरकावं म्हणून उपांत्यपूर्व ते अंतिम सगळ्या फेऱ्या 27 जुलैला एकाच दिवशी घेतल्या. अंतिम फेरीच्या सुरुवातीलाच ब्राझीलच्या इतालो फेरेराचा बोर्ड मोडला. त्याने दुसरा घेतला आणि सुवर्णपदक जिंकलं. महिलांत अमेरिकेची करिसा मूर जिंकली. जगातले उत्तम सर्फर त्या दिवशी ढवळलेल्या पाण्यात लाट शोधत फिरत होते.

हरमलचं वर्ष ढोबळमानाने सांगता येतं. डिसेंबर ते फेब्रुवारी समुद्र निवांत. मधेच अरबस्तानात शमाल वारे सुटले की त्यांचा सहा-आठ सेकंदांचा स्वेल वायव्येकडून इथवर येतो. दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी त्याची नोंद केली आहे. मार्चपासून दक्षिणेकडचे पाहुणे सुरू होतात आणि मेपर्यंत वाढत जातात. ऑक्टोबर आणि मे हे चक्रीवादळांचेही महिने. 2019 च्या ऑक्टोबरात 'क्यार' महाचक्रीवादळ किनाऱ्याला न शिवता ओमानच्या दिशेने गेलं, तरी गोव्यात समुद्र शॅकपर्यंत चढला. 2021 च्या मे महिन्यात 'तौक्ते' जवळून गेलं तेव्हा अंदाजात सर्फरसाठी काही उरलंच नव्हतं.

एक गोष्ट मात्र कुठल्याही महिन्यात बघावी लागते. दोन वाळूपट्ट्यांच्या मधे एक भाग शांत दिसतो: लाट तिथे फुटत नाही, पाणी जरा गढूळ, फेसाचे तुकडे उलटे समुद्राकडे चाललेले. पोहता न येणारा पर्यटक नेमका तिथेच उतरतो, कारण बाकी ठिकाणी लाटा फुटत असतात. ती ओढ असते. काठावर चढलेलं पाणी त्याच वाटेने परत जातं आणि माणसाला घेऊन जातं. सर्फर तिच्यावर बोर्ड टाकून फुकटात लाटांपलीकडे पोचतो. सापडलेल्या पोहणाऱ्याने तिच्याशी झगडू नये. काठाला समांतर पोहत बाजूला व्हावं. 2008 पासून गोव्याच्या किनाऱ्यांवर उभे असलेले 'दृष्टी'चे जीवरक्षक लाल झेंडा लावतात, तेव्हा ते अशीच जागा दाखवत असतात.

जूनमध्ये विषय संपतो. 1 जून ते 31 जुलै, 61 दिवस, पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक मासेमारी बंद. शॅक उतरवलेले, बोर्ड माळ्यावर. पावसाळी लाटा कोरडी वाळू उपसून आत नेतात आणि समुद्रात पट्टी रचतात; पावसाळा सरल्यावर संथ लाटा तीच वाळू हळूहळू परत काठावर आणतात, पण गेल्या वर्षीच्या आराखड्याप्रमाणे नव्हे. ऑक्टोबरात सर्फ-शाळा उघडल्या की शिक्षक ओहोटीच्या वेळी गुडघाभर पाण्यातून हरमल ते मांद्रे चालत जातात, पायाने वाळू चाचपत, यंदाची पट्टी कुठे बसलीय ते बघायला. पहिल्या वर्गाची जागा त्यानंतरच ठरते.