राक्षसाची उंची किती?

प्रस्तुत लेखकाने एकदा स्वयंपाकघरातल्या मापाच्या भांड्यात रोबो बुडवला. ‘मोबाइल सूट गंडम’ या जपानी मालिकेतल्या नायक-रोबोचे ते 1/144 प्रमाणातले प्लास्टिकचे मॉडेल होते, उंची साडेबारा सेंटिमीटर. पाणी किती चढते ते बघून घनफळ काढायचे, असा आर्किमिडीजछाप बेत. पण पाणी सांध्यासांध्यांतून आत शिरले, बुडबुडे येत राहिले आणि आकडा काही केल्या थांबेना. शेवटी घरच्यांनी भांडे परत मागितले. मोजणी फसली, खोड मात्र लागली ती लागलीच.

खोड अशी, की पडद्यावर महाकाय रोबो आला की हा जिंकणार का, हे आधी मनात येत नाही. याची उंची किती आणि वजन किती, हेच आधी येते.

1979 साली आलेल्या या गंडमची अधिकृत उंची 18 मीटर आणि रिकामे वजन 43.4 टन. आता 1.8 मीटर उंचीचा, 70 किलो वजनाचा माणूस घ्या. त्याला उंची, रुंदी, जाडी अशा तिन्ही दिशांनी दहापट फुगवा. वजन हजारपट होईल, म्हणजे 70 टन. हाडामांसाचा माणूस चिलखती रोबोपेक्षा भारी! शस्त्रे आणि इंधन भरून गंडम 60 टनांवर जातो, तरी मागेच. बिचारा समुद्रात पडला आणि आत पाणी शिरले नाही, तर लाकडी ओंडक्यासारखा तरंगेल. भांड्यातले ते मॉडेल याच हिशेबाने साडेचौदा ग्रॅमचे हवे, म्हणजे मोठा चमचाभर पाण्याइतके.

चाळीसेक टन म्हणजे काय चीज असते, ते अहिल्यानगरच्या रणगाडा संग्रहालयात कळते. विजयंता हा आपला रणगाडा साधारण 39 टनांचा, आणि उंचीला तीन मीटरही नाही. तेवढ्याच वजनात सहा मजली योद्धा उभा करायचा म्हटले, तर पत्रा किती पातळ लाटावा लागेल?

या गणिताची दुसरी बाजू जीवशास्त्रज्ञ जे. बी. एस. हाल्डेन यांनी 1926 च्या एका निबंधात मांडली होती. हेच हाल्डेन पुढे भारतीय नागरिक झाले. त्यांनी उदाहरणाला घेतलेले राक्षस साठ फुटी होते, म्हणजे 18.3 मीटर. गंडम जन्माला येण्याच्या अर्धशतक आधी जवळपास त्याचीच उंची! वजन हजारपट वाढते, पण हाडाचा छेद शंभरपटच. म्हणजे हाडाच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर दहापट भार. असा राक्षस पाऊल टाकायला गेला की मांडीचे हाड मोडलेच.

मालिकेत हे सगळे खपून जाते. खेळात खपत नाही, कारण तिथे समोरचा गोळी झाडत असतो.

‘बॅटलटेक’ हा अमेरिकन पटावरचा खेळ 1980 च्या दशकातला. त्यातल्या रोबोंना ‘मेक’ म्हणतात आणि त्यांची ओळख उंचीने नाही, टनांनी होते: 20 ते 100 टन. पटावरचा एक षटकोन 30 मीटरचा, जमिनीची एक पातळी 6 मीटरची, आणि मेक मोजायचा दोन पातळ्यांचा. हलका असो की अवजड, नियमाला सगळे सारखे. पटावर एवढे पुरते. पण संगणकावर तेच मेक डोळ्यांना दिसायला लागले आणि भांडणे सुरू झाली.

पडद्यावरून उंची काढायची रीत सोपी आहे. समजा कॅमेऱ्याचा उभा कोन 60 अंशांचा आणि मेक 100 मीटरवर उभा आहे. त्या अंतरावर पडद्यात साधारण 115.5 मीटर उंची मावते. पडदा 1080 पिक्सेलचा असेल तर एक पिक्सेल म्हणजे पावणेअकरा सेंटिमीटर. मेक 140 पिक्सेल भरला की तो 15 मीटरचा. फक्त मोजताना फार जवळ जाऊ नये, नाहीतर पाय हत्तीचे आणि डोके चिमणीचे दिसते. प्रस्तुत लेखकाचे पहिले दोन आठवडे याच चुकीत गेले.

‘मेकवॉरियर ऑनलाइन’ या बॅटलटेकवरच्या संगणकीय खेळात 2016 साली मेकांची मापे घनफळाच्या हिशेबाने नव्याने बसवली गेली. जेवढे टन, त्या प्रमाणात घनफळ. काही आक्रसले, काही वाढले. हलके मेक वाढले की त्यांचे खेळाडू कुरकुरणारच, कारण अंगावर येणारा नेम चुकवणे हीच त्यांची पुंजी.

घनफळ पाचपट झाले तरी उंची 1.71 पटच होते आणि समोरून दिसणारे अंग सुमारे 2.9 पट. आता पटावरच्या खेळातले मूळ आकडे बघा. 20 टनी ‘लोकस्ट’ला, म्हणजे टोळाला, 4 टन चिलखत, 100 टनी ‘अॅटलस’ला 19 टन. नेम धरायला अंग तिप्पटही नाही आणि चिलखत पावणेपाचपट. टोळ पक्ष्यासारख्या पायांचा असल्याने दोघांचा आकार सारखा नाही, हे खरे. पण कल तोच. घनफळाचे प्रमाण भूमितीला बरोबर असेल, खेळाला ते न्यायाचे नाही. माप ठरवायचेच तर समोरून पडणाऱ्या सावलीवरून ठरवावे, असे प्रस्तुत लेखकाचे ठाम मत आहे, आणि त्यावर तो रात्री उशिरापर्यंत वाद घालू शकतो.

बाकी, हाल्डेनच्या राक्षसाचे खरे माप योकोहामा बंदरात बघायला मिळाले. डिसेंबर 2020 ते मार्च 2024 या काळात तिथे हलणारा गंडम उभा होता. उंची 18 मीटर, वजन सुमारे 25 टन. तो गुडघा वाकवून पाऊल उचलायचा, हात वर करायचा. त्याचा भार मात्र कमरेमागच्या पोलादी गाड्याने पेलला होता.