विरल आणि दुर्लभ

आमच्या सक्करदऱ्याच्या घरांत गेले दोन महिने एका वस्तूवरून वाद चालला आहे, आणि ती वस्तु अद्यापि घरांत आलेली नाहीं. धाकट्या बंधूंचे चिरंजीव पुण्यास संगणकाच्या कंपनींत नोकरीस आहेत. चार वर्षें पैसे बाजूस टाकून त्यांनीं नऊ लक्ष रुपये जमविले व त्यांचें एक स्विस घड्याळ घेण्याचें ठरविलें. एवढ्या रकमेचें घड्याळ घ्यावें कीं न घ्यावें, हा प्रश्न आम्हीं सोडून दिला. पैसा त्यांच्या श्रमाचा आहे. कोणतें घ्यावें, एवढेंच उरलें.

बंधु म्हणतात, "रोलेक्स घे. चार लोक ओळखतील, आणि पुढेंमागें मोडण्याची वेळ आली तर किंमत येईल." चिरंजीव म्हणतात, "बाबा, तें आतां प्रत्येक लग्नाच्या मांडवांत दिसतें. मला कोणाच्या हातांत नसलेलें हवें." त्यावर सूनबाई स्वयंपाकघरांतून म्हणाल्या, "पण तें कोणाच्या हातांत नाहीं, हें ओळखणारें तरी कोणी हवें ना?" बंधूंना हा आपला पक्ष वाटला, चिरंजीवांस आपला. आम्हांस वाटलें कीं वादाचें मर्म सूनबाईंनींच पकडलें.

संस्कृत शिकविण्यांत उभा जन्म गेल्यामुळें शब्द सोलून पाहण्याची आम्हांस खोड आहे. 'विरल' म्हणजे संख्येनें थोडें, तुरळक. 'दुर्लभ' म्हणजे मिळण्यास कठीण. बोलण्यांत आपण हे दोन्ही शब्द एकमेकांच्या जागीं बिनदिक्कत वापरतों; घड्याळांच्या बाजारांत मात्र त्यांची फारकत झालेली आहे. हान्स विल्सडॉर्फ यांनीं 1905 सालीं लंडनमध्यें जी पेढी काढली, तीच पुढें जिनीव्हास जाऊन रोलेक्स म्हणून जगभर प्रसिद्धीस आली. ती वर्षाकाठीं 10 लाखांवर घड्याळें करिते, असा जाणकारांचा अंदाज आहे. दहा लाख नग ज्याचे निघतात तें विरल कसलें? तरीहि तिच्या कांहीं पोलादी घड्याळांसाठीं गिऱ्हाइकास नांव नोंदवून महिनोन् महिने तिष्ठावें लागतें. पोलाद कांहीं पृथ्वीवरून नाहींसें झालेलें नाहीं! मागणारांची गर्दी मोठी, म्हणून तें दुर्लभ.

उलट जेगर-लकूल्त्र या पेढीचें 'रिव्हर्सो' पाहा. त्याचें मूळ आपल्याच देशांत आहे. येथें पोलो खेळणाऱ्या इंग्रज अधिकाऱ्यांच्या घड्याळांच्या कांचा फुटत. म्हणून तबकडी उलटी फिरवून धातूची पाठ वर आणतां येईल असें हें लांबट चौकोनी घड्याळ 1931 सालीं निघालें. रोलेक्सच्या मानानें तें फारच थोड्या मनगटांवर दिसतें. परंतु पैसे मोजले कीं बहुधा लागलींच हातीं पडतें. विरल खरें, दुर्लभ नव्हे. 'कोणाकडे नसलेलें' हवें म्हणणारांपैकीं बहुतेकांची धांव विरलाकडे नसून दुर्लभाकडे असते, आणि दुर्लभपणा थोडा पेढीनें हात आखडता घेतल्यामुळें व पुष्कळसा गर्दीमुळेंच येतो. ज्या गर्दींतून आपणांस वेगळें व्हावयाचें, तिनेंच हेवा करावा ही अपेक्षा!

आमच्या मनगटावर 'जनता' आहे. बंगलोरच्या हिंदुस्थान मशीन टूल्स या सरकारी कारखान्यानें जपानच्या सिटिझन कंपनीच्या साहाय्यानें 1961 पासून घड्याळें करण्यास आरंभ केला. त्याच्या प्रसिद्ध घड्याळांपैकीं हें एक. नोकरीच्या पहिल्या वर्षीं, 1982 सालीं, आम्हीं तें घेतलें. किल्लीचें, 17 ज्वेल्सचें. शाळेंत निम्म्या शिक्षकांजवळ हेंच असे, त्यामुळें कोणी त्याकडे ढुंकूनहि पाहत नसे. पण सीताबर्डीच्या पदपथावर बसणारा घड्याळजीदेखील तें पाहतां पाहतां उघडी, आणि लागणारा सुटा भाग त्याच्या डबींत असेच. चार जणांजवळ असलेल्या वस्तूचें हें सुख आहे, आणि येथें बंधूंचा पक्ष आम्हांस पटतो. 2016 सालीं सरकारनें हीं घड्याळें बंद करण्याचा निर्णय घेतला. आतां तरुण मंडळी जुनीं 'जनता' हुडकीत फिरतात. जुन्या यंत्रावर नव्यानें रंगविलेली तबकडी बसवून विकण्याचा धंदा मुंबईस इतका बोकाळला कीं परदेशांतील संग्राहकांनीं अशा मालास 'मुंबई स्पेशल' असें नांवच ठेविलें आहे. "काका, हें मला द्याल?" असें चिरंजीवांनींहि दोनदां विचारून पाहिलें.

आम्हीं त्यांस सांगितलें, "बुधवार बाजारांत मेथीची जुडी घेतांना जें हातावर असावेंसें वाटेल तें घे. भाजीवालीला रोलेक्स आणि रिव्हर्सो दोन्ही सारखींच." रिव्हर्सोच्या पाठीवर नांव वा चित्र कोरून घेण्याची जुनी चाल आहे. तेव्हां तें घेणार असशील तर आजोबांचें नांव कोर, असेंहि सुचविलें. आमच्या वडिलांनीं जन्मांत घड्याळ बांधलें नाहीं. लग्नांत मुहूर्त साधण्यास ते पाण्यावर घटिकापात्र सोडीत. तळाला बारीक छिद्र असलेली ती तांब्याची वाटी 24 मिनिटांनीं बुडाली कीं घटिका भरली. सगळा मांडव त्या एका वाटीकडे डोळे लावून बसे.

बंधूंनीं तत्काळ हरकत घेतली, "दादा, नांव कोरलेलें घड्याळ मोडावयास नेलें तर घेईल कोण?" हरकत खरी आहे. कोणी घेणार नाहीं, हेंच आम्हांस त्यांत आवडलें आणि बंधूंस तेंच खटकलें. चिरंजीव अद्यापि निश्चयास आलेले नाहींत. गेल्या आठवड्यांत त्यांनीं दूरध्वनीवरून एवढेंच विचारलें कीं, आजोबांच्या नांवापुढें 'शास्त्री' जोडावयाचें कीं नाहीं.