बिनकामाचे पत्ते

नव्या लॅपटॉपवर सगळं लावून झालं, आणि वर्डपॅड शोधायला गेले तर ते नाहीच. भाचा म्हणाला, "आत्या, ते काढून टाकलंय. कोण वापरत होतं?" खरं आहे. २०२४ साली विंडोज ११ची जी मोठी सुधारित आवृत्ती आली, तिच्यापासून वर्डपॅड मिळत नाही. विंडोज ९५बरोबर आलं होतं ते. इतकी वर्षं नोटपॅड आणि वर्ड यांच्या मधे अंग चोरून बसलं आणि गेलं. त्या दिवशी मी जरा घुम्यासारखीच वागले. आता प्रोग्रॅमचंही सुतक पाळायचं म्हणजे फारच झालं.

पण माझं पहिलं काम वर्डपॅडवरचं. नव्वदीच्या अखेरीस सदाशिव पेठेतल्या एका डीटीपीच्या दुकानात मी लागले. दिवाळी अंकांचं मॅटर गणपतीच्या आधीपासून फ्लॉपीवर यायला लागायचं. फाइल उघडली की मराठीच्या जागी टोप्या घातलेली, शेपट्या फुटलेली रोमन अक्षरं. ज्या फॉण्टात कंपोझ केलेलं, तो आमच्याकडे नसायचा; किंवा असला तरी त्याचं लॉक, म्हणजे प्रिंटरच्या पोर्टला लावायचा तो ठोकळा, दुसऱ्या मशीनला लावलेलं. नोटपॅडमध्ये अख्ख्या फाइलला एकच फॉण्ट. त्यामुळे मराठी वाचता आलं की मधला इंग्रजी शब्द मातीत जायचा. वर्डपॅड चटकन उघडायचं, ज्या ओळीला जो हवा तो फॉण्ट लावू द्यायचं आणि पुढे काही विचारायचं नाही. पेजमेकर उघडेपर्यंत एक चहा व्हायचा.

खरं तर हा गोंधळ व्हायचं कारण नव्हतं. भारतीय लिप्यांसाठी इस्की नावाचं प्रमाण १९९१ सालीच ठरलं होतं. युनिकोडची पहिली आवृत्तीही त्याच वर्षीची. पण तेव्हाच्या फॉण्टात घरं २५६. त्यांत जोडाक्षरं, अर्धी अक्षरं, रफार, वेलांट्या कोंबायच्या, आणि कुठल्या घरात काय ठेवायचं हे ज्याचं तो ठरवणार. पेजमेकरला देवनागरी युनिकोड शेवटपर्यंत समजलं नाही. त्यामुळे सगळ्या जगाचं ठरलं तरी आमच्या पेठेत 'क'चा पत्ता दर दुकानाला वेगळा.

दुकानाचे मालक काका. त्यांचा एकच नियम: मशीनवर कामापुरतंच. नवा कॉम्प्युटर आला की त्याला हळदकुंकू लागायच्या आधी काका त्यातले पत्ते उडवायचे. "सॉलिटेअर? माझ्या दुकानात जुगार नको." सुरुंगांचा खेळ तर नकोच नको. मला त्यांचं पटायचं. अजूनही बरंचसं पटतं. माझ्या मशीनवर बिनकामाचं काही टिकत नाही, आणि आगंतुक सॉफ्टवेअरबद्दल माझ्या मनात जी अढी आहे ती जन्मात जाणार नाही. एक व्हिडिओ प्लेअर होता, नाव घेत नाही. दोन मिनिटांची क्लिप बघायला घेतला, तर पाणी प्यायला आलेल्या पाहुण्याने कपाटाच्या किल्ल्या मागाव्यात तसा वागायला लागला. प्रत्येक फाइल आता मीच उघडणार म्हणे. घड्याळाशेजारी ठाण मांडलं, ब्राउझरला पट्टी चिकटवली, आणि दर चार दिवसांनी नवी आवृत्ती घ्या म्हणून भुणभुण. नेक्स्ट, नेक्स्ट, फिनिश करणाऱ्या भाबड्या माणसाच्या वाटेत आधीच खूण केलेला चौकोन ठेवणाऱ्याला मी कधी क्षमा करणार नाही.

त्याच्याऐवजी व्हीएलसी आलं. पॅरिसजवळच्या एका तंत्रशिक्षण संस्थेत १९९६ साली विद्यार्थ्यांचा उपक्रम म्हणून सुरू झालेलं आणि २००१ साली सगळ्यांसाठी खुलं केलेलं. माझ्या लग्नाची ओरखडलेली सीडी दुसरं काही वाजवेना, याने वाजवली. मधे मधे नवऱ्याचं तोंड चौकोनी होतं, पण मंगलाष्टकं शाबूत.

तरी काकांच्या नियमाशी आले की मला बाई आठवतात. आमच्या प्रूफरीडर, शाळेतून निवृत्त झालेल्या, हातात लाल पेन. कागद वाचवायला काकांनी ठरवलं की दुरुस्त्या थेट पडद्यावर करायच्या. बाई माऊस असा आवळून धरायच्या की बाण कोपऱ्यात जाऊन आदळायचा. काका दुपारी घरी गेल्यावर मी कंट्रोल पॅनेलमधून पत्ते परत चढवले. विंडोज ३.० मधलं हे सॉलिटेअर वेस चेरी नावाच्या शिकाऊ उमेदवाराने लिहिलं, पत्त्यांची चित्रं सुझन केअर यांनी काढली, आणि ते लोकांचा हात माऊसवर बसावा म्हणून दिलं होतं असं सांगतात. हे मला फार नंतर कळलं. मला एवढंच सुचलं होतं की बाईंना पत्ते येतात.

आठवडाभरात बाई लाल अठ्ठीवर काळी सत्ती अलगद आणून ठेवायला लागल्या, आणि मग चुकलेली वेलांटीही तितक्याच अलगद उचलायला. पण खेळावर त्या नाराज. "एकटीने काय खेळायचं गं? कुरघोडी करायला समोर माणूस नको?"

काकांना कळलं की नाही, ठाऊक नाही. पुढे लोडशेडिंग वाढलं. दिवे गेले की यूपीएस ठणाणा करायचा, आम्ही फाइल सेव्ह करून मशीन बंद करायचो आणि दुकानाच्या पायरीवर बसायचो. एकदा बाईंनी पिशवीतून खराखुरा जोड काढला. बदाम सात. काका आधी नको नको म्हणाले, मग चपला काढून मांडी घालून बसले. किलवरची सत्ती शेवटपर्यंत दाबून ठेवायचे. बाईंच्या हातात अठ्ठीपासून राजापर्यंत सगळी किलवर अडकलेली. दिवे आले तरी डाव मोडू देत नव्हत्या. "आधी ती सत्ती टाका," म्हणायच्या, "मग तुमचं मॅटर बघते."