चाँद, भरती आणि नववीचा वर्ग

रमजानमध्ये शेवटचा तास विज्ञानाचा आला की शिकवणे अवघड जाते. निम्मी मुले रोजेदार, उरलेली त्यांच्याकडे बघून सुस्तावलेली. त्या दिवशी मात्र वर्ग जागा होता. एकोणतिसावा रोजा होता आणि चाँद दिसणार की नाही यावर मागच्या बाकांवर पैजा लागल्या होत्या. मी फळ्यावर ग्रहणाची आकृती काढत होतो. ११ ऑगस्ट १९९९ चे सूर्यग्रहण होऊन फार दिवस झाले नव्हते. ते कधी लागणार, कधी सुटणार हे कित्येक वर्षे आधी मिनिटासकट ठाऊक होते, असे मी जरा रुबाबातच सांगितले. मधल्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली.

"सर, ग्रहणाची वेळ आधी छापून येते, मग ईदचा चाँद का छापून येत नाही?"

वर्ग एकदम शांत झाला. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिले. मी म्हणालो, "तो मजहबचा विषय आहे. परीक्षेला येत नाही. बस खाली." मुले हसली. ती बसली.

शाळा रत्नागिरीजवळच्या खाडीकाठची, मराठी माध्यमाची. निम्म्याहून अधिक मुले मुसलमान, त्यातली बरीच दालदी कुटुंबांतली. कुणाचे वडील मच्छीमार बोटीवर तांडेल, कुणाचे आखातात. ही मुलगी तांडेलाची. वर्षभर 'का' विचारणारी. त्या दिवसानंतर तिने माझ्या तासाला प्रश्न विचारला नाही. वही पूर्ण, गृहपाठ वेळेवर, मार्कही चांगले. प्रश्न तेवढे बंद. ईद झाली, सहामाहीचे पेपर वाटून झाले, तरी ते मला टोचत राहिले.

खरे कारण सांगतो. मला उत्तर येत नव्हते, हे पहिले. आणि येत असते तरी दिले असते की नाही, याची खात्री नव्हती. मुसलमान शिक्षकाने मुसलमान मुलांना चाँदाविषयी काही सांगावे आणि ते संध्याकाळी मोहल्ल्यात भलत्याच रूपात पोहोचावे, ही भीती होती. दरवर्षी विज्ञानदिनाला, २८ फेब्रुवारीला, इब्न सीना, अल-बिरूनी, इब्न अल-हैसम यांची नावे घेऊन भाषण ठोकायला मला भीती वाटत नसे. टाळ्या पडत. इब्न अल-हैसमने बारीक छिद्रातून ग्रहणातल्या सूर्याची कोर पडद्यावर पाडून अभ्यासली, हे मी अभिमानाने सांगे. पुठ्ठ्याला छिद्र पाडून मुलांच्या हातात मात्र कधी दिले नव्हते. आपल्या समाजात या नावांचा असा हारतुऱ्यासारखा वापर फार होतो, आणि त्यात मीही होतो.

मग मी वाचायला बसलो. उत्तर तसे कठीण नव्हते. अमावास्येचा क्षण, म्हणजे चंद्र सूर्याच्या दिशेला येण्याचा क्षण, गणिताने मिनिटापर्यंत काढता येतो. सूर्यग्रहण त्याच सुमारास होते, म्हणून त्याची वेळ छापता येते. पण ईद अमावास्येची नाही, कोर दिसण्याची आहे. चंद्र सूर्यापासून तासाला साधारण अर्धा अंश दूर सरकतो. ते अंतर सुमारे सात अंशांहून कमी असेल तर कोर तयारच होत नाही, असे दांजों या फ्रेंच खगोलशास्त्रज्ञाने गेल्या शतकात दाखवले. पंधरा-सोळा तासांहून लहान चंद्र नुसत्या डोळ्यांनी पाहिल्याच्या नोंदी अगदी विरळ आहेत. त्यात पुन्हा सूर्य बुडाल्यावर चंद्र किती वेळ वर राहतो, क्षितिजावर धुरकट किती आहे, ढग आहेत का, हे सगळे आले. १९९९ च्या ग्रहणाची वेळ मिनिटासकट ठाऊक होती, तरी ऐन पावसाळ्यात आम्ही शाळेच्या पटांगणात माना वर करून ढगच पाहिले होते. तिच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर त्या पटांगणातच होते.

दुसऱ्या सत्रात चंद्राच्या कला पुन्हा घेतल्या. अभ्यासक्रम संपलेला होता. या वेळी सुरुवात पुस्तकाने केली नाही. विचारले, "आज भरती कधी आहे, कोण सांगेल?" दहा हात वर झाले. खाडीच्या तोंडाशी वाळूचा दांडा आहे, भरतीशिवाय बोट आत येत नाही, त्यामुळे ही गोष्ट घरातल्या लहान पोरालाही ठाऊक असते. कसे काढता, म्हटल्यावर एकाने सांगितले, तिथीची पाऊणपट करायची. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे भरती सहाच्या सुमारास. मुसलमान तांडेलाच्या घरात भिंतीवर कालनिर्णय असते ते मुख्यतः यासाठी. अमावास्या-पौर्णिमेला उधाणाची भरती, अष्टमीला भांगाची, हे या मुलांना बोलायला लागल्यापासून येत होते. मी त्यांना चार वर्षे विज्ञान शिकवत होतो आणि यातले एक अक्षर त्यांना विचारले नव्हते.

फळ्यावर हिशेब मांडला. अमावास्येला भरती बाराच्या सुमारास, पौर्णिमेलाही बाराच्याच सुमारास. म्हणजे पंधरा तिथ्यांत ती बारा तास पुढे सरकायला हवी. पंधराची पाऊणपट किती? सव्वाअकरा. "मग पाऊण तास गेला कुठे?" हा प्रश्न माझा नव्हता. मधल्या बाकावरून आला. मी खडू तिच्या हातात दिला. तिने बारा तासांची मिनिटे केली, सातशेवीस, पंधराने भागली. अठ्ठेचाळीस. "बाबांचा पाऊण तास तीन मिनिटांनी लहान आहे," ती म्हणाली. मागचा एकजण ओरडला, "अठ्ठेचाळीस मिनिटं म्हणजे दोन घटका!" त्याच्या आजोबांकडून त्याने घटका ऐकल्या होत्या. मी त्या तासाला फारसे बोललो नाही.

त्यानंतर ठरवले, रमजान किंवा ईदची वाट न बघता दर हिजरी महिन्याच्या एकोणतीस तारखेला संध्याकाळी जेटीवर जायचे. राष्ट्रीय पंचांगातून वेळा घ्यायच्या, रेखांशाच्या अंशामागे चार मिनिटे धरून आपल्या गावासाठी दुरुस्ती करायची. आता हे मोबाइलवर क्षणात मिळते. तेव्हा मुलांनी हाताने केले आणि दोनदा चुकवले. हिंदू मुलेही येत. त्यांना संकष्टीचा चंद्रोदय ठाऊक, यांना ईदचा चाँद. अधिक महिना का घालतात आणि आपला रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे का येतो, यावर जेटीवर त्यांच्यातच वाद रंगत.

व्हायचे ते झाले. संस्थेच्या एका पदाधिकाऱ्यांनी बोलावून घेतले. "सर, चाँदाचं काम कमिटीचं. तुम्ही तुमचं पुस्तक शिकवा." मी म्हणालो, पुस्तकच शिकवतोय. त्यांना ते उद्धटपणाचे वाटले असावे. तरी मी जाणे थांबवले नाही, फक्त पालकांच्या सह्या घेतल्या. मुलीच्या वडिलांनी सही करताना विचारले, "तीन मिनिटांचा हिशेब तुम्हीच शिकवला काय?" नाही म्हटले. ते काही बोलले नाहीत.

मशिदीचे मौलाना एका संध्याकाळी जेटीवर आले. माझ्या पोटात गोळा आला. त्यांनी मुलांची वही पाहिली, विचारले, "आज सूर्यानंतर किती वेळ आहे?" मुलांनी मिनिटे सांगितली. ते म्हणाले, "हिशेब ठीक आहे. पण गवाही माणसाची लागते, हिशेबाची नाही." माझे मत वेगळे होते, आजही आहे. चंद्र सूर्याच्या आधीच बुडालेला असताना कुणी 'पाहिला' म्हणून सांगितले, तर ती गवाही तपासायला हिशेब हवाच. तुर्कस्तानात महिने गणिताने ठरतात, उत्तर अमेरिकेच्या फिकह कौन्सिलने २००६ मध्ये तोच मार्ग धरला, म्हणजे हा वाद मजहबच्या बाहेरचा नाही. पण मुलांसमोर मी एवढेच म्हणालो, "मौलाना, दोघे मिळून बघू." ते थांबले. त्यांची नजर माझ्याहून चांगली होती.

त्या संध्याकाळी सूर्य स्वच्छ बुडाला, पण पाण्यालगत ढगांची एक पट्टी होती. बोटी परतत होत्या. कुणीतरी दोनदा "तो बघा" म्हणून ओरडले आणि दोन्ही वेळा तो बगळा निघाला. अंधार पडला, तशी मी मुलांना घरी पिटाळू लागलो. ती पायरीवर बसून बॅटरीच्या उजेडात वही भरत होती. तारीख, सूर्यास्त, चंद्रास्त, ढग. शेवटच्या रकान्यात लिहिले होते : दिसला नाही. ४१ मिनिटे होता.