एक पेटी, दोन डिस्क

जुलै 2021 च्या पुरात आमच्या चिपळूणच्या घराचा खालचा मजला चिखलाने भरला. कपाटातले अम्मीच्या निकाहचे फोटो आणि दादाजानची कुवेतहून आलेली पत्रं हाताला लागली ती लगद्यासारखी. वाचला तो माडीवरचा कॉम्प्युटर. भाईजानने आदल्या वर्षी हे सगळं स्कॅन करून त्यात ठेवलं होतं. तेव्हापासून त्या हार्ड डिस्कला आम्ही अमानतच मानतो.

14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चा नेहमीचा आधार संपला. आमच्या जुन्या मशीनवर विंडोज 11 बसत नव्हतं. अब्बांच्या दुकानाचा हिशोब मात्र विंडोजवरच चालतो आणि धाकटीला कॉलेजसाठी लिनक्स हवं होतं. आपाचं लग्न तोंडावर, त्यामुळे नव्या कॉम्प्युटरचा विषयच नव्हता.

भाईजान म्हणाला, "एकाच डिस्कचे दोन भाग करू, दोन्ही बसतील."

अम्मीने एवढंच विचारलं, "आणि फोटोंना काही झालं तर?"

कुणीच उत्तर दिलं नाही. मग ठरलं, लिनक्ससाठी वेगळी डिस्क घ्यायची. छोटी एसएसडी आणली.

रविवारी सगळे बसलो. आधी फोटोंची एक प्रत बाहेरच्या डिस्कवर काढली. मग कॉम्प्युटर बंद करून प्लग काढला, पेटी उघडली आणि जुन्या डिस्कच्या दोन्ही वायरी सोडवल्या. दोन डिस्क जोडलेल्या असल्या, तर लिनक्स बसवताना सुरुवातीची फाइल कधीकधी जुन्या डिस्कवर जाऊन बसते. शिवाय चुकून भलतीच डिस्क निवडली, तर सगळं पुसलं जातं. जी डिस्क जोडलेलीच नाही, ती पुसली जाणार कशी? नव्या डिस्कवर पेन ड्राइव्हने उबुंटू बसवलं, मशीन पुन्हा बंद केलं आणि जुनी डिस्क जोडली. आता चालू करताना एफ 12 दाबायचं आणि हवी ती डिस्क निवडायची. इंटरनेट लिनक्सवर, विंडोज फक्त हिशोबाला.

दुसऱ्या दिवशी अस्र पढून अब्बा हिशोबाला बसले. साडेपाच वाजले होते आणि पडद्यावर बारा. "अरे, इथे अजून जुहरसुद्धा झाली नाही!" अब्बा हसले, पण आमचा जीव खाली-वर झाला. कारण साधं निघालं. लिनक्स मशीनच्या घड्याळात जागतिक वेळ ठेवतं आणि विंडोज तीच स्थानिक वेळ समजतं. आपल्याकडे फरक बरोबर साडेपाच तासांचा. लिनक्सला स्थानिक वेळ ठेवायला सांगितलं आणि घड्याळ जुळलं. विंडोजचं फास्ट स्टार्टअपही बंद केलं. ते चालू असलं की विंडोजची डिस्क पूर्ण मिटत नाही आणि लिनक्समधून तिच्यावर लिहिणं धोक्याचं होतं.

अब्बा खूश, धाकटी खूश. अम्मी तेवढी पेटीकडे बघत म्हणाली, "डिस्क दोन झाल्या, पण पेटी एकच ना? पाणी आलं तर दोन्ही जातील."

म्हणून ती बाहेरची डिस्क आता रत्नागिरीला खालाकडे असते. ईदला खाला येते तेव्हा शीरखुर्म्याच्या डब्यासोबत पिशवीत ती डिस्कही असते. वर्षभराचे नवे फोटो त्यात भरतो आणि खाला ती परत घेऊन जाते.