सूर धरून ठेवताना

सेकपीपा वाजवायला घेतली की आधी पत्ती पाहायची. तळ्याकाठी उगवणाऱ्या बोरूचं एक छोटं पेर, एका बाजूने चिरून सोडवलेली पातळ जीभ आणि जिभेच्या मुळाशी गुंडाळलेला दोरा, एवढाच तिचा संसार. दोरा टोकाकडे सरकवला की सूर चढतो. जिभेच्या टोकावर मेणाचा ठिपका ठेवला की उतरतो. कोरड्या थंडीत पत्ती एक बोलते, श्वासाची ओल धरली की दुसरंच. ती ताळ्यावर आली की मगच चामड्याची पिशवी काखेत घ्यायची.

सेकपीपा म्हणजे स्वीडनची बॅगपाइप. मी बेळगावात वाढले, त्यामुळे बॅगपाइप म्हणजे मराठा लाइट इन्फंट्रीचा बँड हेच माझ्या मनात पक्कं होतं. ते स्कॉटिश वाद्य पलटणींबरोबर भारतात आलं आणि उत्तराखंडात तर मशकबीन होऊन लग्नाच्या वरातीत सामील झालं. त्याच्या बोटांच्या नळीत सनईसारखी दुहेरी पत्ती असते, नळी आतून शंकूसारखी रुंदावत जाते, आणि आवाज मैदान भरून टाकतो. सेकपीपेची नळी आतून सरळ असते, पत्ती एकेरी. आवाज मऊ आणि गोल. व्हायोलिनच्या शेजारी बसून वाजवली तरी ती त्याला झाकून टाकत नाही.

हे वाद्य मी आज वाजवते त्यामागे काही माणसांचा हट्ट आहे. डालार्ना हा प्रांत म्हणजे स्वीडनच्या लोकसंगीताचा गाभा. 1906 मध्ये चित्रकार आन्देर्स सोर्न यांनी तिथल्या गेसुंडा गावी लोकवादकांची स्पर्धा भरवली आणि खेड्यातल्या वादकाकडे देशाचं लक्ष गेलं. सेकपीपेचे दिवस मात्र तोवर भरत आले होते. 1930 च्या दशकाच्या शेवटी मात्स रेनबेर्य या तरुण अभ्यासकाला स्टॉकहोमच्या नॉर्डिक म्युझियमच्या संग्रहात या पाइप सापडल्या. त्यांचा माग काढत तो पश्चिम डालार्नातल्या यार्ना परिसरात पोचला. तिथे गुडमुंड्स निल्स लार्सन हा परंपरेतला शेवटचा माणूस हयात होता. रेनबेर्यचं पुस्तक 1943 मध्ये आलं. तूरे गुडमुंडसन हे संगीतशिक्षक त्याच्याबरोबर लार्सनकडे गेले, वाद्य कसं करायचं आणि कसं वाजवायचं ते शिकले, आणि त्यांनी रेडिओसाठी दोन धुना ध्वनिमुद्रितही केल्या. 1949 मध्ये लार्सन गेला आणि पुन्हा शांतता पसरली.

ती मोडली 1981 च्या सुमारास. पेर गुडमुंडसन हा व्हायोलिनवादक (तूरे यांचा नातलग नव्हे) लेइफ एरिक्सन या लाकूडकाम करणाऱ्या कारागिराच्या मागे लागला. एरिक्सनसमोर संग्रहालयांत उरलेली दहाएक वाद्यं होती आणि त्यातल्या एकाचा मेळ दुसऱ्याशी नव्हता. भोकांची अंतरं वेगळी, नळ्यांच्या लांब्या वेगळ्या. त्याने सगळ्यांचा अभ्यास करून एक नवी घडण ठरवली आणि ती व्हायोलिनच्या सुराशी जुळवून घेतली. आज स्वीडनमध्ये वाजणाऱ्या बहुतेक सेकपीपा याच घडणीतून आलेल्या आहेत. 1987 मध्ये सुरू झालेल्या हेडनिंगार्ना या बँडने ती पुढे विजेच्या वाद्यांच्या गजरातही नेली.

‘मग ही खरी जुनी सेकपीपा नव्हेच’ असं मला पुष्कळदा ऐकवलं जातं. माझं उत्तर वाद्यावर हात ठेवून दिलेलं आहे. जुनं लाकूड नळीची लांबी सांगतं, भोकाचा घेर सांगतं. पण ज्या पत्तीवर सगळा सूर अवलंबून, ती फार काळ टिकणारी वस्तू नव्हे. आणि बोट किती उचलायचं, पिशवी किती दाबायची हे तर कुठल्याच कपाटात ठेवता येत नाही. तेव्हा एरिक्सनला निर्णय घ्यावे लागले आणि ते त्याने उघडपणे घेतले. मी ज्या गटात वाजवते तोही तेच करतो. पाइपसाठीच्या म्हणून फार थोड्या धुना हाती आल्या आहेत. बाकीच्या आम्ही व्हायोलिनवादकांच्या धुनांतून निवडतो: ज्या सप्तकाच्या फारशा पलीकडे जात नाहीत, ज्यांच्या खाली एकच सूर धरला तरी ज्या रुसत नाहीत. काही धुना या कसोटीला इतक्या सहज उतरतात, की त्या कधीकाळी पाइपवरूनच व्हायोलिनकडे गेल्या असाव्यात असं मला मनापासून वाटतं.

या वाद्याने मला जे शिकवलं ते त्याच्या मर्यादांमधून. सेकपीपेवर मोठं-लहान वाजवता येत नाही. पिशवीतला दाब हलला की सूर ढळतो. मधेच थांबताही येत नाही, कारण दुसरी नळी आपला एकच सूर अखंड धरून असते. आपल्याकडे सनईच्या ताफ्यात एक जण फक्त सूर धरून बसतो. इथे ते काम आणि धुनेचं काम एकाच माणसाच्या एकाच श्वासावर चालतं. फुंकर संपून काख कधी दाबायला लागली हे ऐकणाऱ्याला कळता कामा नये. मग पोल्स्कासारख्या तीन मात्रांच्या नाचाला ठेका द्यायचा कसा? सूर किती लांबवायचा, किती आखडायचा, दोन सारख्या सुरांमध्ये खालच्या सुराचा निसटता कण कुठे टाकायचा, यातून. आमच्याबरोबर व्हायोलिन असतं, निकेलहार्पा हे स्वीडिश तंतुवाद्य असतं, आणि समोर नाचणारी पावलं असतात. पावलं अडखळली नाहीत तर निर्णय बरोबर. संग्रहालयातली कुठलीही चिठ्ठी याहून चांगली परीक्षा घेत नाही.

स्वीडनमधल्या या लोकांच्या कष्टांचं मोल जाणवतं, तेव्हा मला पालघरचा तारपा आठवतो. वारली आणि कोकणा आदिवासींचा तारपा बॅगपाइपचा जवळचा भाऊबंद आहे. पिशवीच्या जागी वाळवलेला दुधी भोपळा, त्यात बांबूच्या नळ्या आणि एकेरी पत्त्या, पुढे ताडपत्रांचा कर्णा. भोपळा दाबता येत नाही, म्हणून वादक फुंकता फुंकताच नाकाने श्वास घेतो, आणि भाताच्या कापणीनंतर नाचणाऱ्यांचा फेर त्याच्या मागे वळत राहतो. जव्हार तालुक्यातल्या वाळवंड्याच्या भिकल्या लाडक्या धिंडा यांना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला, ही आनंदाची गोष्ट. पण पुरस्काराने पत्ती तासता येत नाही. ती शिकायला कुणीतरी वादकाशेजारी बसावं लागतं.

स्वीडनला मधली अनेक वर्षं गमावून, मोजपट्टी घेऊन नव्याने सुरुवात करावी लागली. त्यांनी ती केली, म्हणून मला हे वाद्य मिळालं आणि मी त्यांची ऋणी आहे. आपल्याकडे मात्र शिकवणारे हात अजून चालते आहेत. ज्याला वाद्याचं वेड आहे त्याने जव्हार-विक्रमगडच्या बाजूला जावं, भोपळा कसा निवडतात, पत्ती कशी सोडवतात, श्वास कुठे घेतात हे बसून शिकावं, आणि चार जणांना घेऊन रोज वाजवावं. पुनरुज्जीवन सुंदर असतं, पण ज्याची गरजच पडू नये असंही ते काम आहे.