जुनापाणीची दगडी वर्तुळं

गुडघ्याच्या ऑपरेशननंतर तपासणीसाठी नागपूरला गेलो होतो. परतण्याआधी भाच्यानं काटोल रस्त्यावरच्या जुनापाणीला नेलं. काळ्या दगडांची मोठमोठी वर्तुळं, आत किंचित फुगलेली माती. लोहयुगातली, अडीच-तीन हजार वर्षांपूर्वीची ही दफनं. रिव्हेट-कार्नाक या इंग्रज अधिकाऱ्यानं एकोणिसाव्या शतकात इथं खोदकाम केलं. तिथून जवळच, माहुरझरीला, माणसांसोबत पुरलेले घोडे सापडले. त्यांच्या तोंडावर तांब्याचे दागिने होते.

माझ्या गावी, हिवरा आश्रमला परतलो, तरी ते घोडे मनातून जात नाहीत. पोळ्याला आम्हीही बैलांना सजवतो, बाशिंग बांधतो, पुरणपोळी खाऊ घालतो. मग वाटतं, त्या घोड्याला दागिने घालणाऱ्याचा हातही असाच मायेनं फिरला असेल. पण शेवटी मातीत लोटणारा हातही त्याचाच ना? माया आणि हक्क यांत धुरा कुठं घालायचा, मला अजून उमगलेलं नाही. कदाचित त्यालाही उमगलं नसेल.

विदर्भात अशी बरीच वर्तुळं शेतीखाली गेली आहेत. तुमच्या वावरात दगड गोलात मांडलेले दिसले, तर ते उचलून बांधाला लावू नका. आधी पुरातत्त्व खात्याला कळवा.